बायकोच्या आजारपणाची रजा

घरात बसून तीन लेकरं सांभाळायची, यात एवढं काय मोठंसं, असं सुंदरराव बोलून गेले. बोलून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की हे आपण कचेरीत नव्हे, घरात बोललो, आणि तेही बायकोसमोर.

मुक्ताबाई लुगड्याचा काचा घट्ट करत उभ्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "मंग सांभाळा की," एवढंच म्हणाल्या.

त्या सकाळी परिस्थिती अशी होती. बीड गावात प्लेग शिरला होता. पेठेत उंदीर मरून पडले होते, आणि उंदीर पडले की आठवड्याच्या आत माणसं पडतात हे मागच्या हिवाळ्यात सगळ्यांनी पाहिलं होतं. लेकरं सांभाळणारी छबुबाई उंदराचं नाव ऐकताच बोचकं बांधून माहेरी निघून गेली. सुंदररावांच्या आई लेकीच्या बाळंतपणाला नांदूरघाटला गेल्या होत्या, त्या तिकडेच अडकल्या, कारण गावात येणाऱ्या प्रत्येक वाटेवर तपासणीचा नाका बसला होता आणि तो ओलांडून यायला म्हातारी घाबरत होती. राहिले नवरा-बायको. नवरा तहसिलीत कारकून. बायको नाक्यावर तपासणीस.

ती नाक्यावर कशी गेली, हे सुंदरराव कुणाला सांगत नसत, कारण तिला त्यांनीच पाठवलं होतं. नाक्यावर आलेल्या माणसाच्या काखेत आणि जांघेत हात घालून गाठ आहे की नाही ते पाहत. पुरुषांना पुरुष पाहत. बायकांना कोण पाहणार? पडद्यातल्या बायका तर गाडीतून खालीच उतरत नसत. गाड्यांच्या गाड्या दिवसभर उन्हात ताटकळत आणि संध्याकाळी माघारी जात. प्लेगच्या महकम्याचे, म्हणजे सरकारी खात्याचे, डॉक्टर लिहिता-वाचता येणारी बाई शोधत होते. मुक्ताबाई मुलींच्या शाळेत शिकवायच्या, आणि ती शाळा साथीमुळे बंदच होती. डॉक्टरांवर छाप पाडायची म्हणून सुंदरराव छाती पुढे काढून म्हणाले होते, "आमचं माणूस देतो की हुजूर." चार दिवसांचं काम असेल असा त्यांचा अंदाज होता. मुक्ताबाईंना ते काम मनापासून आवडेल, हे मात्र त्यांच्या अंदाजात कुठेच नव्हतं.

"अगं, पण लोक काय म्हणतील?" सुंदरराव म्हणाले. "नाका सोड चार दिवस. सांग त्यान्ला, घरी अडचण हाय."

"तुमच्या कचेरीत कारकून किती हायेत?"

"हायेत की बरेच."

"नाक्यावर बाया किती हायेत?"

मुक्ताबाई परसदारानं निघून गेल्या. हे परसदारसुद्धा लक्षात ठेवायला हवं. समोरच्या तुळजाबाईंनीच त्यांना बजावलं होतं, "मुक्ता, तू प्लेगातनं येती, पुढच्या दारानं येऊ नको बाई. आमच्या लेकरांवरनं वारं जातं." तेव्हापासून मुक्ताबाई मागून जात, मागून येत, परसात अंगावरून पाणी घेत आणि मगच धाकट्याला उचलत. गल्लीला त्या दिसेनाशा झाल्या होत्या.

सुंदरराव रजा मागायला कचेरीत गेले. पेशकार मैनुद्दीनसाहेब कलम कापत बसले होते. भला माणूस, पण सल्ला देण्याची फार हौस.

"रुखसत? किसलिए पंतजी?"

"लेकरं सांभाळायला."

मैनुद्दीनसाहेबांचं कलम थांबलं. शेजारच्या टेबलावरचे दोघे कारकून एकमेकांकडे पाहू लागले आणि त्यातला एक खोकल्याचं निमित्त करून बाहेर गेला. बाहेरून बराच वेळ त्याच्या खोकल्याचा आवाज येत होता, आणि तो आवाज खोकल्याचा नव्हता हे सुंदररावांना कळत होतं.

"अजी, बीमारी की रुखसत है," मैनुद्दीनसाहेब समजुतीच्या सुरात म्हणाले. "शादी की है, मय्यत की है. बच्चे खिलाने की रुखसत मर्दों के वास्ते बनीच नहीं. ऐसा करो, बीवी बीमार है बोल दो."

"पण ती तर नाक्यावर…"

"नाका अलग महकमा, तहसील अलग महकमा. इधर की बात उधर पहुँचने तक बीवी अच्छी भी हो जाएगी."

तहसीलदारसाहेब नवीन आले होते. आधीचे साहेब पहिला उंदीर पडताच बदली करून घेऊन गेले होते. नव्या साहेबांना कोण कुणाची बायको हे ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. सुंदररावांनी वाकून सलाम केला आणि चेहरा शक्य तितका पाडून म्हणाले, "हुजूर, घरात आजारपण आहे. बायको अंथरुणाला खिळली आहे."

साहेबांनी खुर्ची मागे ढकलली. खिशातला अत्तराचा रुमाल नाकाला लावला आणि दुसऱ्या हातानं जा, जा अशी खूण केली. रजा इतक्या झटक्यात आजवर कुणाला मिळाली नव्हती. साहेब मनानं फार मोठे आहेत असं सुंदरराव घरी येईपर्यंत स्वतःला सांगत होते. प्लेग चालू असताना सरकारी माणसापुढे 'घरात आजारपण आहे' हे शब्द उच्चारायचे नसतात, हे त्यांना कळायला हवं होतं. बीडमध्ये ते न कळणारा दुसरा माणूस त्या वेळी सापडला नसता.

घरी आल्यावर त्यांनी पहिलं काम केलं ते म्हणजे पुढच्या दाराला कडी लावली. तहसिलीचा कारकून चुलीपुढे बसलेला गल्लीनं पाहावा, हे त्यांच्या घराण्यात बसत नव्हतं. कडी लावून, खिडक्या ओढून, डोक्यावर पगडी घालून ते स्वयंपाकाला बसले. पगडी अशासाठी की कुणी दार वाजवलंच तर आपण कचेरीला निघालेलो दिसावं. चुलीत पळाटी घातली. कापसाच्या त्या वाळक्या काड्या मुक्ताबाई मोडायच्या तेव्हा कुटकन मोडायच्या. सुंदररावांनी मोडायला घेतल्या तर एक काडी वाकून उलटी आली आणि तिचं कूस त्यांच्या तळहातात शिरलं. त्यांनी ते दातांनी उपटलं. निम्मं निघालं.

पहिली भाकरी तव्याला चिकटली. दुसरी थापताना हातातच फाटली. तिसरी जळली. धूर घरभर कोंडला, कारण दारं-खिडक्या बंद. धाकटा किंचाळू लागला. मधला धर्मराज खोकू लागला. आठ वर्षांची बायना उंबऱ्यावर बसून शांतपणे पाहत होती.

"बाबा, आई पिठात गरम पाणी घालती."

"गप बस."

"आन पगडी काढून बसती."

"तुझी आई पगडी घालतीच कधी?" सुंदरराव ओरडले, पण गरम पाणी घातलं. चौथी भाकरी बरी निघाली. मग त्यांना सुचलं की बायनालाच भाकरीला बसवावं, पोरगी आहे, शिकेल. त्या संध्याकाळी मुक्ताबाईंना हे कळलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "तिनं नाही करायचं. तिचा धडा चाललाय." आणि पाण्यानं भिजलेले हात पदराला पुसत बायनाजवळ पुस्तक घेऊन बसल्या. दिवसभर नाक्यावर उभं राहून त्यांचे डोळे मिटत होते, तरी धडा झाला.

बाहेर गल्ली भराभर रिकामी होत होती. लोक घरं सोडून रानात झोपड्या घालायला चालले होते. कुणाच्या दारावर साथीची गेरूची खूण उमटली की त्या दारावरून लोक धावत जात. तिरडी निघाली तरी रडण्याचा आवाज येत नसे, कारण रडलं की प्लेगचा जमादार येतो. सुंदरराव हे सगळं फटीतून पाहत. परसातलं अंगण झाडताना पायाला काही मऊ लागलं तरी ते दचकून उडी मारत. एकदा ते मऊ म्हणजे धाकट्याचं टोपडं निघालं. ते हातात धरून त्यांना बराच वेळ बसून राहावं लागलं.

समोर तुळजाबाई राहिल्या होत्या, आणि त्यांचे डोळेही राहिले होते. दिवसभर बंद असलेलं दार त्यांनी पाहिलं. छपरातून निघणारा करपट धूर पाहिला, आणि तो लपवलेल्या आजाऱ्याला दिलेल्या लिंबाच्या धुरीचा आहे असं ठरवून टाकलं. लेकरं रडतात, घरधनी कचेरीला जात नाही. आणि मुक्ता तर कितीतरी दिवसांत दिसलीच नाही. आपणच तिला परसदारानं जायला सांगितलं होतं, हे तुळजाबाईंच्या डोक्यातून साफ गेलं होतं.

"भाऊजी!" त्यांनी लांबूनच हाक मारली. "मुक्ताचं कसं हाय?"

सुंदरराव दाराआड केरसुणी धरून थिजले. खरं सांगावं तर कचेरीत खोटे ठरू. "बरं न्हाई," ते आतून म्हणाले.

"अगंबाई! ताप हाय का?"

"हाय."

तुळजाबाईंनी पदर नाकाला लावला आणि त्या घरात न जाता सरळ चावडीकडे निघाल्या. सुंदररावांना वाटलं, बरी टळली.

दुसऱ्या दिवशी आंघोळ करताना सुंदररावांचा हात उजव्या काखेत गेला आणि तिथेच राहिला.

गाठ होती.

त्यांनी हात काढला, पुन्हा घातला. होतीच. सुपारीएवढी, दुखरी. अंगावरचं पाणी गार झालं तरी ते तसेच बसून राहिले. दाढेवर दाढ आपटत होती. ती थंडीनं की तापानं, हे त्यांना ठरवता येईना. मागच्या हिवाळ्यात शेजारचा माणूस सकाळी गाठ दाखवत होता आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या दारात कुणी नव्हतं. सुंदररावांना आता तो माणूस आठवला. त्याचं हसणं आठवलं. त्याची लेकरं आठवली, आणि मग स्वतःची.

ते उठले आणि लेकरांपासून लांब बसले. देवघराच्या कोपऱ्यात, पगडी घालून. पगडी का, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. उघड्या डोक्यानं मरायचं त्यांना बरं वाटेना. भाकरी त्यांनी उलथन्यानं लांबून सरकवली. धर्मराजला हा खेळ फार आवडला आणि त्यानंही भाकरी पायानं बापाकडे परत सरकवली. धाकटा रांगत बापाकडे निघाला तशी सुंदररावांनी मागे सरकत सरकत सगळं देवघर ओलांडलं आणि कणगीला पाठ लावून ते ओरडले, "बायना, धर त्याला! धर म्हणतो ना!" त्यांचा आवाज असा फाटला की धाकटा जागीच बसला आणि त्यानं भोकाड पसरलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना त्या लेकराला उचलून घ्यावंसं इतकं वाटलं, आणि ते कणगीला चिकटून बसून राहिले.

त्या संध्याकाळी मुक्ताबाई आल्या तर एका कोपऱ्यात लेकरं, दुसऱ्यात नवरा.

"हे काय?"

"सोवळ्यात हाय मी."

मुक्ताबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं असतं तर सगळं तिथेच उघड झालं असतं. पण त्या भिंतीला टेकल्या आणि बसल्या बसल्या झोपल्या. सुंदररावांनी त्यांना उठवलं नाही. सांगितलं तर ही नाका सोडून आपल्या उशाशी बसेल, आणि मग हिलाही होईल. न सांगितलं तर लेकरांना होईल. हे दोन्ही विचार त्यांच्या डोक्यात आलटून पालटून फिरत राहिले, आणि सकाळी मुक्ताबाई निघून गेल्या तेव्हाही त्यांचं तोंड उघडलं नव्हतं.

उन्हं वर आली तशी गल्लीत बैलगाडीचा आवाज आला. सुंदररावांनी फटीतून पाहिलं. पुढे प्लेगचा जमादार मकसूद, मागे फिनेलचे डबे घेतलेली माणसं, त्यांच्या मागे कारंटीनात न्यायची गाडी. कारंटीन म्हणजे पालीच्या वाटेवर, बिंदुसरा नदीच्या काठी घातलेल्या चटयांच्या झोपड्या. तिथे गेलेली माणसं परत येत नाहीत असं बोललं जाई. काही येत, पण त्यांच्याबद्दल कुणी बोलत नसे.

तहसीलदारसाहेबांनी कारकुनाची आजारी बायको कळवली होती, आणि चावडीवर तुळजाबाईंनीही कळवली होती. दोन्हीकडून खबर आली म्हणजे ती खरी. आणि आजारी माणूस बाई असल्यामुळे, कायद्याप्रमाणे, तिला तपासायला बाईच आणली होती. सगळ्या बीडात ती एकच होती.

मुक्ताबाई गाडीच्या मागून चालत येत होत्या. नाक्यावरून त्यांना निम्म्यातून उठवून आणलं होतं. कुणा कारकुनाची बायको एवढंच त्यांना सांगितलं होतं. गल्ली वळली तशी त्यांची चाल मंदावली. मकसूद त्यांच्याच दारापुढे थांबला, तेव्हा परक्याच्या दाराकडे पाहावं तशा त्या पाहत राहिल्या.

"बाई, हेच घर," मकसूद म्हणाला. "आतली बाई लई आजारी हाय म्हनं. तुमी जाऊन बघा."

तुळजाबाई समोरच्या ओट्यावर उभ्या होत्या. त्यांनी मुक्ताबाईंना पाहिलं, बंद दाराकडे पाहिलं, परत मुक्ताबाईंना पाहिलं आणि ओट्यावर मटकन खाली बसल्या.

मुक्ताबाईंनी आपल्याच दाराची कडी वाजवली. "तपासणीवाली बाई आली हाय," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात जे होतं ते ऐकून सुंदररावांना क्षणभर गाठीचासुद्धा विसर पडला.

दार उघडलं, त्या आत आल्या, दार लागलं.

"कोन आजारी हाय?"

"तू."

"मी?"

"रजेसाठी बोललो गं. दुसरी रजाच न्हाई कायद्यात. लेकरं सांभाळायला म्हनलो तर हसले समदे." सुंदरराव भराभर बोलत होते. "आन आता भाईर जाऊन ठणठणीत हाय म्हनलीस तर माझी नौकरी जाईल. आजारी हाय म्हनलीस तर तुझी. कशाला बोललो मी, कशाला…"

"सोवळ्यात हाय म्हनलात," मुक्ताबाई हळू म्हणाल्या. त्या आता त्यांच्याकडे नीट पाहत होत्या. "काय हाय तुमाला?"

सुंदररावांनी उजवा हात वर केला.

मुक्ताबाईंनी पदर खोचला आणि काखेत हात घातला. रोज त्या किती बायकांना असं पाहत, न बोलता, भराभर. आज त्यांची बोटं थांबली. चेहऱ्यावरचा रंग उतरला. सुंदरराव बायकोच्या तोंडाकडे पाहत होते आणि आयुष्यात कुणाच्या तोंडाकडे त्यांनी इतक्या आशेनं पाहिलं नव्हतं.

"तळहात दावा."

तळहात सुजला होता. मधोमध पिवळं टोक.

"हे काय?"

"पळाटी मोडताना. कूस शिरलं."

मुक्ताबाईंनी श्वास सोडला. पुन्हा काख चाचपली, या वेळी सावकाश. "हे अवधाण हाय," त्या म्हणाल्या. हातापायाला काही लागून पिकलं की काखेत किंवा जांघेत गाठ धरते, तिला अवधाण म्हणतात. चुलीपुढे बसणाऱ्या बायकांना ते ठाऊक असतं. "पळाटीचं अवधाण. मला बी येतं पावसाळ्यात."

"नक्की?"

"नक्की कसं सांगू? माझ्या हाताला तसं लागतंय. ह्याच हातानं रोज सांगती मी लोकान्ला, जा म्हून न्हाईतर थांब म्हून. आज माझाच भरोसा मला येईना."

बाहेरून मकसूद ओरडला, "बाई! काय हाय?"

मुक्ताबाई बाहेर आल्या आणि त्यांनी खरं सांगितलं. बाई ठणठणीत आहे, बाई मीच. घरधन्याच्या काखेत अवधाण आहे.

मकसूद डोकं खाजवू लागला. माणूस वाईट नव्हता, पण कायदा त्याच्या बाजूनं विचार करत नव्हता. "बाई, तुमाला बायांचंच सांगायचा हुकूम हाय. गड्याची गाठ डाक्टरच बघनार. डाक्टर पालीकडं गेलेत. ते येईस्तोवर घरातली समदी कारंटीनात."

"आन मी?"

"तुमी महकम्याच्या. तुमाला भाईर ऱ्हाता येतं." महकम्याच्या माणसाला साथ लागते असं कायद्यात कुठे लिहिलेलं नव्हतं. "लेकरांसंगं आत जायचं तर जावा. पर आत गेलेलं मानूस साथ सरेस्तोवर नौकरीत घेत न्हाईत. आन तिकडं गाड्या थांबल्यात. एक बाळंतीण हाय त्यात, पडद्यातली."

तुळजाबाई ओट्यावरून उठल्या. "मुक्ता, आई हायेस तू. सोड ती नौकरी, जा लेकरांसंगं." फिनेलवाल्यांनीही माना डोलावल्या. त्या सगळ्या गल्लीत कुणाला वेगळं काही सुचलं असतं असं वाटत नाही.

मुक्ताबाई एकदा लेकरांकडे पाहत आणि एकदा नाक्याच्या वाटेकडे.

सुंदररावांना ती बरोबर हवी होती. मनातलं खरं बोलायचं तर त्यांना तिचा पदर धरून गाडीत बसायचं होतं. मरायचं तर ती उशाशी असावी, जगायचं तर भाकरी तिनं करावी. ते तोंड उघडून हेच सांगणार होते.

"तुझ्या हाताला अवधाण लागलं ना?" ते म्हणाले.

"लागलं."

"मंग लेकरं माझ्याजवळ ऱ्हातील. तू जा. बाळंतीण थांबलीय."

मकसूदनं त्यांना दंडाला धरून गाडीत चढवलं. मुक्ताबाई गाडी दिसेनाशी होईतो उभ्या होत्या. मग त्या नाक्याकडे धावत गेल्या. भर गल्लीतून, पुढच्या वाटेनं.

कारंटीनात नवी पंचाईत झाली. एका ओळीत पुरुष, एका ओळीत बायका आणि लेकरं. लेकरांसकट आलेला पुरुष कुठे बसतो ते पहारेकऱ्याला उमगेना. पुरुषांत ठेवला तर लेकरांचा नियम मोडतो, बायकांत ठेवला तर सगळंच मोडतं. शेवटी दोन्ही ओळींच्या मधे, काट्याच्या कुंपणाला लागून एक सप्पर घालून दिलं. त्याला दार नव्हतं.

दार नसलेल्या त्या सपरात, दोन्ही बाजूंच्या सगळ्या जनतेसमोर, तहसिलीच्या कारकुनानं चूल पेटवली. पुरुष हसले. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. सुंदररावांनी पगडी काढून खुंटीला लावायला खुंटी शोधली, ती नव्हती, म्हणून धाकट्याला पगडीतच बसवलं. हसण्याची त्यांना आता पर्वा नव्हती. ते दर थोड्या वेळानं काखेत हात घालून पाहत आणि मग लेकरांच्या काखा पाहत. पलीकडच्या सपरातून एक माणूस सकाळी बोलत होता तो संध्याकाळी बोलेनासा झाला. त्याची बायको केव्हाच गेली होती. त्याची पोर सुंदररावांच्या चुलीपाशी येऊन बसली. त्यांनी तिला भाकरी दिली आणि तिची काख पाहायची त्यांची हिंमत झाली नाही.

रोज दिवस मावळायच्या आत मुक्ताबाई कुंपणापलीकडे येऊन उभ्या राहत. जवळ यायची परवानगी नव्हती. त्या फक्त हात वर करून दाखवत. सुंदररावांनीही हात वर करायचा, म्हणजे काख दिसावी. तिन्ही लेकरंही ओळीनं हात वर करत. लांबून पाहणाऱ्याला वाटलं असतं, हे कुटुंब कुणाला तरी शरण आलं आहे.

बायकांच्या ओळीतल्या एका म्हातारीनं कुंपणावरून सांगितल्याप्रमाणे सुंदरराव तळहातावर कणकेचं पोटीस बांधत होते. एका सकाळी तळहात फुटला, काडीचं निम्मं कूस बाहेर आलं आणि काखेतली गाठ ओसरू लागली. डॉक्टर त्यानंतर आले. त्यांनी लांबून पाहिलं आणि "फोडा है, जाव" म्हणाले. कूस निघालं त्या संध्याकाळी ते कुंपणावरून मुक्ताबाईंना दाखवलं तेव्हा त्या खाली बसल्या आणि पदर तोंडात धरून खूप रडल्या. पलीकडच्या सपरातली ती पोर मात्र चुलीपाशी यायची बंद झाली होती.

ऊन तापलं तशी साथ गेली. सुंदरराव कचेरीत रुजू झाले. आता खोटं उघडं पडणार. पण नाक्याची बात तहसिलीत पोचलीच नव्हती. तहसीलदारसाहेबांनी त्यांना उभं करून भर कचेरीत वाखाणलं. आजारी बायको आणि तीन लेकरं या मर्दानं एकट्यानं सांभाळली, म्हणाले. सुंदरराव खरं सांगायला पुढे झाले तर मैनुद्दीनसाहेबांनी टेबलाखालून त्यांचा पाय दाबला. त्यांना खिडकीजवळची, वाऱ्याची जागा मिळाली.

त्याच आठवड्यात मकसूद दारात येऊन गेला. "बाई, नाका उठला. उद्यापास्नं येऊ नका." बस्स, इतकंच. मुलांची शाळा उघडली. मुलींच्या शाळेत फिनेलचे डबे ठेवले होते, ते कुठे हलवायचे याचा हुकूम आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सुंदरराव सवयीनं चुलीपुढे बसले. मुक्ताबाईंनी त्यांच्या हातातून पळाटी घेतली. "ऱ्हाऊ द्या. आता मी हायच की घरात."

त्या रागानं म्हणाल्या नाहीत. म्हणूनच सुंदररावांना भीती वाटली. काखेतल्या गाठीला ते भ्याले होते, पण त्या आवाजाला जास्त भ्याले. पावसाळाभर तो आवाज घरात राहिला. बाई काम करी, हसे, बायनाचा धडा घेई, आणि मधेच दाराकडे पाहत बसे.

हिवाळा आला. एका सकाळी मकसूद दारात उभा. "बाई, पेठेत उंदीर पडला. डाक्टरनं बोलवलंय."

सुंदरराव मुक्ताबाईंकडे वळले, आणि त्यांनी पाहिलं की तिचा चेहरा उजळला आहे. गावात मरण आलं होतं आणि बायकोचे डोळे सणाच्या सकाळी चमकावेत तसे चमकत होते. तिलाही ते कळलं. तिनं शरमेनं मान खाली घातली, पण हात काचा घट्ट करू लागले होते. सुंदररावांना तिची भीती वाटली नाही. जिला बाहेर पडायला गावावर मरी यावी लागते, तिच्यासाठी त्यांचा जीव कळवळला.

"पुढच्या दारानं जा," ते म्हणाले.

ती गेली. सुंदररावांनी पुढच्या दाराची दोन्ही कवाडं सताड उघडली, चूल ओट्याशी ओढली, पगडी धाकट्याच्या डोक्यावर ठेवली आणि परात पुढे घेतली. तुळजाबाई लगबगीनं ओट्यावर आल्या.

"अगंबाई! भाऊजी, मुक्ता आजारी हाय का?"

"न्हाई. नौकरीवर गेली."

"आन तुमी कचेरीत काय सांगनार?"

सुंदररावांचा हात पिठात थांबला. तहसीलदारांची खुर्ची, खिडकीजवळची जागा, बाहेर जाऊन खोकणारा तो कारकून, सगळं डोळ्यांपुढून गेलं. घाम फुटला.

"लेकरं सांभाळायलोय म्हून सांगीन," ते म्हणाले, आणि भाकरी तव्यावर टाकली.